पान दोनशे अकरा

बोलकं ग्रंथालय म्हणजे तिथं पुस्तकं उठून बोलायला लागतात, असला काही चमत्कार नव्हे. एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. त्यातल्या एकीच्या भिंतींना जाड गालिचे ठोकलेले, आणि त्या खोलीत एक माणूस दिवसभर मोठ्यानं वाचत बसलेला. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. वाचलेलं रेकॉर्ड होतं आणि घरोघर जातं. त्या माणसाला सगळे ‘वाचक’ म्हणायचे. आपणही तेच म्हणू, कारण गेल्या तीन वर्षांत त्याच्यात दुसरं काही फारसं उरलं नव्हतं.

आधी तो बस स्थानकावर घोषणा करायचा. अठरा वर्षं. आवाज असा खणखणीत, की गाडी सुटली तरी बायका पिशव्या धरून ऐकत उभ्या राहतात, असं त्याची बायको चारचौघांत सांगायची. त्यात कौतुक किती आणि थट्टा किती, हे त्याला कधी कळलं नाही. मग बायको गेली आणि त्या आवाजातला होता नव्हता तो रस आटला. ‘हा इसम गाडी आल्याचं सांगतो की कुणी मेल्याचं?’ अशी तक्रार एका प्रवाशानं लिहून दिली. साहेबांनी ती वाचून दाखवली, यानं मान डोलावली आणि दुसऱ्या महिन्यात नोकरी सोडली. राग नाही, लोभ नाही. सांगितलं असतं तर साहेबांच्या टेबलावर चढूनही उभा राहिला असता.

आणि गंमत बघा, इथं त्याच आवाजाला डोक्यावर घेतलं. अंधांसाठी वाचायचं तर नाटक करायचं नाही, हा पहिला नियम. रडू, हसू, घाबरणं, ते ऐकणाऱ्यानं आपापलं करावं. वाचणाऱ्यानं फक्त शब्द पोचवावेत. या कामाला येणारे हौशी लोक दुसऱ्याच वाक्याला गहिवरायचे. हा मात्र खून, लग्न, अनुक्रमणिका आणि शुद्धिपत्र, सगळं एकाच पट्टीत वाचायचा.

काचेपलीकडे बसायची चाळणी. खरं नाव काही का असेना, तिच्या कानातून खडा सुटत नाही म्हणून सगळ्या ग्रंथालयानं ते नाव पाडलं होतं आणि तिनंही ते मुकाट्यानं घेतलं होतं. वय साठीच्या घरात, गळ्यात चष्म्याची दोरी, रविवारी चर्चच्या गायकवृंदात मागच्या रांगेत उभी. समोर पुस्तक उघडं ठेवायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि वाचकाचा शब्द न् शब्द ताडून बघायचा, हे तिचं काम. चूक सापडली की तिचा आवाज आत यायचा, “मागच्या पूर्णविरामापासून.” शब्द चुकला म्हणून तेवढाच शब्द पुन्हा वाचून चालत नाही, जोड ऐकू येतो. मागच्या पूर्णविरामापर्यंत परत जायचं आणि वाक्य अख्खं वाचायचं. दिवसातून तीसेक वेळा तरी हे व्हायचं.

वाचक पुस्तकातून वाचायचा नाही. पान उलटलं की आवाज होतो, आणि तो आवाज ऐकणाऱ्याच्या कानाशी येतो. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या सुट्या पानांची प्रत काढायची. टेबलावर जाड लोकर अंथरलेली. दोन पानं शेजारी शेजारी ठेवायची, वाचून झाली की पूर्णविरामाला थांबायचं, पानं हलकेच बाजूला सरकवायची, पुढची दोन घ्यायची. जीभ कोरडी पडू नये म्हणून आंबट सफरचंदाची फोड. मनगटावर घड्याळ नाही, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट नाही. एवढं सांभाळलं की झालं.

त्या हिवाळ्यात त्याच्या वाट्याला जे पुस्तक आलं, ते बघून त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच कुरकुर केली. सहाशे पानांची अद्भुत कादंबरी. लिहिणारा गावातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा एक शाळामास्तर, कधीच वारलेला. आत तीन ड्रॅगन, त्यातला एक लाजाळू. बोलणारे बगळे. आणि सात दरवाजांचं एक शहर, दर दरवाजाला एक राखणदार, आणि राखणदारांची नावं काय तर विवेक, न्याय, धैर्य, संयम, विश्वास, आशा आणि प्रीती.

“हे काय पोरांना ठोकून ठोकून सद्गुण शिकवायचं पुस्तक?” तो म्हणाला.

“अहो, पोरांना कुठलं कळतंय,” चाळणी म्हणाली. “ती ड्रॅगनसाठी वाचतात. मी नऊ वर्षांची असताना वाचलं तेव्हा मला राजा मरतो एवढंच कळलं होतं. तो परत येतो तेव्हा त्याच्या हातांना जखमा का, हे विशीत कळलं. आणि न्यायाच्या दरवाजाचं प्रकरण कळायला पन्नाशी उजाडली. तुम्ही वाचा तर खरं.”

तर वाचायला सुरुवात झाली. गोष्ट अशी, की शहराचा एक दिवेवाला असतो. बुरुजावरचा मोठा दिवा रात्रभर जागता ठेवायचा, एवढंच त्याचं काम. एका रात्री त्याचा डोळा लागतो. दिवा विझतो, शत्रू आत येतो आणि राजा मारला जातो. दिवेवाला पळून जातो. मग चारशे पानं बर्फ, बगळे आणि पश्चात्ताप.

डोळा लागतो तिथं वाचकाचा आवाज हलेल, अशी चाळणीला धास्ती होती. तिला घरची हकीकत माहीत होती, सगळ्यांनाच होती. पण आवाज तसूभरही हलला नाही. तिनं हेडफोन काढून काचेतून बघितलं, तर हा शांतपणे सफरचंद खात होता.

हकीकत सांगायला दोन मिनिटं लागतात. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी तळ्याकाठच्या सहलीवरून परत येताना गाडी वाचकाचा धाकटा भाऊ चालवत होता. पुढच्या सीटवर वाचकाची बायको, मागे वाचक. सपाट सरळ रस्ता, ऊन, पोटभर जेवण. धाकट्याचा डोळा लागला. गाडी झाडावर. वाचकाचं गळपट्टीचं हाड मोडलं, धाकटा डोकं आपटून बेशुद्ध आणि बायको दहा मिनिटांनी गेली. पुढे धाकट्याला आठ महिन्यांची कैद झाली, ती त्यानं तोंडातून ब्र न काढता भोगली.

ही बायको धाकट्याची नुसती वहिनी नव्हती. ती या घरात आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आई नसलेला, अंथरूण ओलं करणारा. तिनं त्याला न्हाऊ घातलं, गणितं शिकवली, त्याच्या पहिल्या दाढीला हसून हसून लोटपोट झाली. स्वतःचं मूल झालं नाही, तर “माझं हे आहे की घोडं,” म्हणायची.

मधली बहीण दर रविवारी वाचकाला फोन करायची. तिच्याकडेच धाकटा राहत होता. फोनवर तेच ते.

“दादा, तो झोपत नाही रे.”

“औषध दे.”

“औषधानं होत नाही. आडवाच होत नाही तो. खुर्चीत ताठ बसून राहतो, डोळा मिटला की दचकून उठतो. तीन वर्षं झाली. माणूस वाळून काटकी झालाय. तू एकदा ये. एकदा म्हण त्याला, झालं गेलं विसर म्हणून. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय तो झोपायचा नाही.”

“बघू.”

“बघू बघू किती दिवस करणार? दगड झालास का तू?”

तो खरंच दगड झाला होता, त्यामुळे त्याला या प्रश्नाचा रागही यायचा नाही. “बघू,” म्हणून तो फोन ठेवायचा आणि भांडी घासायचा. सगळ्यांना वाटायचं, हा भावाला माफ करत नाही. पाद्रीसाहेब दोनदा घरी येऊन क्षमेवर बोलून गेले. यानं चहा दिला, ऐकून घेतलं, कपबशा विसळून ठेवल्या.

पण खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती फक्त त्याला माहीत होती. त्या दहा मिनिटांत बायको बोलली होती. दोनच वाक्यं. नीट, स्पष्ट, तिच्या नेहमीच्या आवाजात. आणि ती दोन्ही धाकट्याबद्दल होती.

“काही बोलली का रे ती?” बहिणीनं हॉस्पिटलात विचारलं, तेव्हा तो “नाही” म्हणाला. पोलिसांना नाही, पाद्रीसाहेबांना नाही. डोक्याला पट्टी बांधलेला धाकटा शुद्धीवर आल्या आल्या म्हणाला, “दादा, वहिनी काही म्हणाली का?” आणि हा त्याच्या तोंडावर म्हणाला, “नाही.” पहिला नकार आपोआप तोंडातून गेला. पुढचे त्या पहिल्यावर रचले गेले. का, म्हणून कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होता? चोवीस वर्षं संसार केला आपण, आणि शेवटची दोन वाक्यं निघाली ती त्याच्यासाठी. आपल्यासाठी एक शब्द नाही. ‘सांभाळून राहा’ एवढंही नाही. एवढा मोठा बाप्या, पण लहान पोरासारखा तिथं अडून बसला होता. ज्यानं गाडी झाडावर घातली त्याच्या हातात आपण आपल्या हातानं हे नेऊन ठेवायचं? का म्हणून? आणि मग हळूहळू तो ‘का म्हणून’ सुद्धा विझला. उरला नुसता ‘नाही’.

आता पान दोनशे अकरा. म्हणजे दुसऱ्या भागाचं दोनशे अकरा, गोष्ट संपत आलेली. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी वाचक घरी बसून पुढची पानं पेन्सिल घेऊन वाचायचा, श्वास कुठं घ्यायचा त्याच्या खुणा करायचा. दोनशे दहावर दिवेवाला बर्फातून फिरून परत येतो आणि न्यायाच्या दरवाजासमोर उभा राहतो. न्याय हा सातांतला सगळ्यांत चोख राखणदार, आयुष्यात चुकलेला नाही. तो दिवेवाल्याला आत घेत नाही. मग आतून राजा येतो, जखमी हातांचा, मरून परत आलेला. आणि तो दिवेवाल्याशी बोलतच नाही. तो न्यायाकडे वळतो.

‘मला नेलं त्या रात्री मी तुझ्यापाशी एक निरोप ठेवला होता,’ राजा म्हणतो. ‘या माणसासाठी. दिलास?’

‘नाही, महाराज.’

‘का?’

‘तो त्या निरोपाच्या लायकीचा नव्हता.’

‘नव्हताच,’ राजा म्हणतो. ‘पण निरोप त्याच्या लायकीवर बेतलेलाच नव्हता. तो माझा होता. तुझं काम पोचवायचं होतं.’

पुढच्या दोन ओळींत न्याय तो निरोप दिवेवाल्याला सांगतो. वाचकानं पेन्सिल खाली ठेवली. त्याला काही वाटलं का? नाही. खोटं कशाला बोला. फक्त हात गार पडले, आणि खोलीत हीटर चालू होता.

दुसऱ्या दिवशी चाळणीची दाढ काढायची होती. काचेपलीकडे कुणी नसेल तर वाचायचं नाही, असा नियम. तरी वाचकानं स्वतः यंत्र सुरू केलं आणि वाचायला बसला. दोनशे दहाच्या शेवटच्या पूर्णविरामाला थांबला. पानं सरकवली. पुढं दोनशे बाराच्या माथ्यापासून वाचायला लागला, जिथं मेजवानी सुरू झाली आहे आणि दिवेवाला राजाच्या उजव्या हाताला बसलाय. एकाखाली एक दोन पानं गेली असतील, असं त्यानं मनाशी म्हटलं. होतं असं. अर्थात इतक्या वर्षांत त्याच्याकडून ते एकदाही झालं नव्हतं.

चाळणी सुजलेला गाल घेऊन तिसऱ्या दिवशी आली. ‘ते प्रकरण झालं,’ असं त्यानं सांगितलं आणि तिनं पहिल्यांदाच न ताडता पुढं जाऊ दिलं. दाढेच्या नावानं तिनं नंतर स्वतःला शिव्या दिल्या, पण ते नंतर.

पुस्तक घरोघर गेलं. दीड महिना कुणी काही बोललं नाही. मग एका गुरुवारी सकाळी ग्रंथालयात फोन आला. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते, जन्मापासून अंध. हयातभर पियानो जुळवायचं काम केलेले. त्यांना वाचकाशीच बोलायचं होतं.

“पुस्तक झकास वाचलंत,” ते म्हणाले. “तुम्ही मध्ये येत नाही, हे मला फार आवडतं. पण आठवडा झाला, एका जागी अडकलोय. तो दिवेवाला. एका वाक्यात दाराबाहेर बर्फात उभा आहे आणि पुढच्या वाक्यात टेबलापाशी बसून हसतोय. कसा?”

“राजानं आत घेतलं असेल.”

“घेतलं असेल हो. पण त्याला कुणी काही सांगितलं का? पन्नास वर्षं पियानोच्या तारा ओढल्यात मी. आख्खा पियानो सुरात असला आणि एक तार नसली तर ती नसलेलीच ऐकू येते. एवढं पाप घेऊन फिरलेला माणूस. नुसतं दार उघडलं म्हणून तो आत येऊन हसेल? पायच उचलणार नाही त्याचा. त्याला आधी काहीतरी ऐकावं लागेल. मला वाटतं तुमच्याकडून एखादं पान राहिलंय. रागावू नका.”

“बघतो,” वाचक म्हणाला.

“बघा हो. जरा लवकर बघा. त्या माणसाला मी आठवडाभर तिथं बर्फात उभा ठेवलाय, मलाच झोप येईना.”

वाचकानं फोन ठेवला, तर लगेच पुन्हा वाजला. बहीण. गुरुवारी ती कधी फोन करत नसे.

“शनिवारी चारच्या गाडीनं तो चाललाय,” ती म्हणाली. “बोटीवर काम मिळालंय. रात्रपाळीचं. मागून घेतलंय त्यानं, जिथं झोपायचंच नसतं ते काम. पाच वर्षं परत यायचा नाही. दादा, मी आता विनवण्या करत नाही. जेवायला बारा वाजता पानं मांडीन. आलास तर ये.”

“बघू,” तो म्हणायला गेला आणि म्हणाला नाही. तिनंच फोन ठेवून दिला होता.

चाळणी दारात उभी होती. म्हाताऱ्याच्या फोनमधलं अर्धं तिनं ऐकलं होतं आणि उरलेलं तिला ऐकायची गरज नव्हती. पुस्तक तिच्या हातात होतं, बोट घालून धरलेलं.

“दोनशे अकरा,” ती म्हणाली.

“दोन पानं एकदम सरकली असतील. चिकटली असतील.”

“सुटी पानं? चिकटली?” तिनं पुस्तक त्याच्यापुढं उघडून धरलं. “अहो, या पुस्तकातलं एक पान कळायला मला पन्नाशी उजाडली आणि तुम्ही नेमकं तेच गिळलंत? बरं, असू द्या. मीही दाढ धरून बसले होते, अर्धा दोष माझा. चला आत. आत्ताच्या आत्ता.”

तो आत गेला. दार लागलं, कानात ती दाबलेली शांतता आली. समोर एकच पान. त्यानं दोनशे दहाचं शेवटचं वाक्य घेऊन सुरुवात केली आणि राजाच्या प्रश्नापाशी थांबला. ‘दिलास?’ एवढंच वाचायचं होतं. आवाज बाहेरच आला नाही. घसा साफ केला, पाणी प्यायला.

“मागच्या पूर्णविरामापासून,” चाळणी म्हणाली.

पुन्हा तिथंच. पुन्हा पूर्णविराम. सहा वेळा झालं. तिला माहीत नव्हतं नेमकं काय, पण काहीतरी आहे एवढं न कळायला ती काही बहिरी नव्हती. सातव्या वेळी तिनं ठरलेलं वाक्य म्हटलं नाही. म्हणाली, “तुम्हाला काही वाटायला हवं असं कुठं आहे? न वाटता वाचा. तुमचं तेच तर काम.”

आणि त्यानं वाचलं. त्याच सपाट पट्टीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न अडखळता. ‘तुझं काम पोचवायचं होतं.’ पूर्णविराम. चाळणीनं काचेपलीकडून अंगठा वर केला आणि मग नाक पुसलं. त्याला मात्र काहीच झालं नाही. काहीतरी व्हायची वाट बघत तीन वर्षं बसलो होतो, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. आतून काही हललं की जाऊ, मन मोकळं झालं की सांगू. आणि आत तर हलायला काही नाहीच. मग आणखी कशासाठी थांबायचं?

शनिवारी बाराला पाच कमी असताना त्यानं बहिणीची बेल वाजवली. तिनं दार उघडलं आणि “अगं बाई,” एवढंच म्हणाली. आत दरवाजालगत एक पिशवी आणि एक पेटी बांधून ठेवलेली. धाकटा खिडकीशी खुर्चीत ताठ बसला होता. पस्तिशीचा माणूस, दिसायला पन्नाशीचा. डोळ्यांखाली काळे खड्डे. दादाला बघून तो उठून उभा राहिला, शाळेत मास्तर आल्यावर उठतात तसा.

“बस,” वाचक म्हणाला.

तो बसला नाही. “दादा, मी चुकलो,” तो म्हणाला. हे त्यानं किती वेळा घोकलं असेल कोण जाणे, शब्द अगदी गुळगुळीत झाले होते. “तू माफ कर असं मी म्हणत नाही. मला तोंड दाखवायला जागा नाही. तू आलास, बास झालं.”

“माफ करायला नाही आलो,” वाचक म्हणाला.

बहिणीनं कपाळावर हात मारला. “अरे, मग आलास कशाला? जाताना पोराला आणखी एक लाथ मारायला?”

“मला दोघांनाही काही सांगायचंय. मध्ये बोलू नका, मला परत मागे जावं लागेल.” त्यानं श्वास घेतला. “मी खोटं बोललो. ती बोलली होती.”

 स्वयंपाकघरात काहीतरी उतू जाऊन गॅसवर चरचरलं, तिकडे कुणी गेलं नाही.

“तू स्टिअरिंगवर डोकं टेकून पडला होतास,” तो धाकट्याला म्हणाला. “बेशुद्ध. तिला ते कळलं नाही. तिला वाटलं झोपलायस. मी मागून तुझा खांदा हलवत होतो, तुझ्या नावानं ओरडत होतो. ती माझा हात धरून म्हणाली...” इथं तो थांबला. मग स्थानकावर अठरा वर्षं वापरलेल्या आणि ग्रंथालयात तीन वर्षं वापरलेल्या त्याच आवाजात त्यानं सांगितलं, “‘पोर दमलंय आपलं. उठवू नकोस त्याला.’”

बहिणीच्या तोंडून एक आवाज निघाला. “तीन वर्षं?” ती म्हणाली. “तीन वर्षं तू हे पोटात ठेवलंस? मेल्या, तीन वर्षं तो झोपला नाही!”

“हो.”

“का?”

“माझ्यासाठी काही म्हणाली नाही म्हणून.”

 बहिणीचा हात मारायला उगारलेला होता, तो तसाच राहिला. वाचक तिच्यासमोर उभा होता, थप्पड मारली असती तर खाल्ली असती. पण धाकटा त्या दोघांकडे बघतच नव्हता. तो हळूहळू खुर्चीत खाली बसला.

“परत सांग,” तो म्हणाला.

“पोर दमलंय आपलं. उठवू नकोस त्याला.”

“आपलं म्हणाली?”

“आपलं म्हणाली.”

“परत सांग दादा.”

वाचकानं परत सांगितलं. धाकट्यानं डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलं. खांदे खाली आले, तीन वर्षं कानापाशी ओढून धरलेले. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. डोळे मिटले होते. ते मिटलेलेच राहिले.

“अजून एकदा,” तो म्हणाला, अगदी बारीक, नऊ वर्षांच्या पोराच्या आवाजात.

“पोर दमलंय...” वाचक म्हणाला, आणि तिथं त्याचा आवाज फाटला. त्यानं घसा खाकरला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच फाटला. उरलेलं बहिणीनं पुरं केलं, भावाच्या अंगावर पांघरूण ओढता ओढता, आणि चारच्या गाडीचं कुणीच नाव काढलं नाही.